टेबलावरचा होलोग्राफिक डिस्प्ले घरी लावताना

ओहोटी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे शंख-शिंपल्यांचा बराच संग्रह आहे. बहुतेक सगळा खणांत, कापसात गुंडाळलेला. घरी कोणी आलं की एकेक काढून हातात द्यायचा तर नाजूक कडा तुटायची धास्ती, आणि फोटो दाखवावेत तर बघणारा दोन मिनिटांत चुळबुळायला लागतो. शंखाचा पीळ फोटोत सपाट होतो आणि शिंपल्याच्या आतली मोतिया झळाळी तर पार मरून जाते.

म्हणून टेबलावर ठेवायचा होलोग्राफिक डिस्प्ले आणला आहे. उभा, वहीच्या पानाएवढा, पुढे काचेसारखा पारदर्शक जाड ठोकळा. चष्मा लागत नाही, दोघंतिघं एकदम बघू शकतात. सोबत आलेले नमुने फार सुंदर दिसतात. पण लॅपटॉपला जोडून माझं काही दाखवायला गेलं की चित्र दुहेरी-तिहेरी होतं, बघवत नाही. हे कशामुळे? टेबलावर तो कुठे, किती उंचीवर ठेवावा? आणि मुख्य म्हणजे खरा शंख त्याच्या आत न्यायचा कसा? थ्रीडी मॉडेल करायचं, की नुसत्या फोटोंवरून भागतं? माझ्यापुरतं सांगते, झळाळी येणार नसेल तर हा खटाटोप मला करायचा नाही. त्या अंगाने सांगा.

गप्पिष्ट:
बसलो पुढच्या रांगेत. तोवर शंखांचे साधे फोटो तरी टाका.

खटपट्या:
ओहोटीताई, आधी दुहेरी चित्राचं बघू, ते लवकर सुटेल.

या डिस्प्लेच्या पोटात साधाच एलसीडी पॅनेल असतो. त्याच्यावर अगदी बारीक, किंचित तिरक्या बसवलेल्या लांबट भिंगांची चादर. प्रत्येक भिंगाखालचे लाल-हिरवे-निळे सबपिक्सेल आपापल्या दिशेला प्रकाश पाठवतात. कुठला सबपिक्सेल कोणत्या दिशेला जाणार हे काटेकोर ठरलेलं असतं. संगणकाने मध्येच चित्र जरासं ताणलं की सगळी वाटणी विस्कटते, आणि डाव्या डोळ्यासाठीचं चित्र उजव्या डोळ्यात शिरतं.

त्यामुळे सेटिंगमध्ये बघा. दुसरा स्क्रीन 'डुप्लिकेट' नको, 'एक्स्टेंड' हवा. रिझोल्यूशन त्याचं मूळचं, स्केलिंग १०० टक्के. विंडोज बरेचदा आपणहून १५० नाहीतर २०० करून ठेवतं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंग आरजीबी किंवा ४:४:४ असा हवा. ४:२:० असेल तर शेजारच्या पिक्सेलांचे रंग एकमेकांत मिसळतात. टीव्हीवर हे कळतही नाही, इथे मात्र खोलीच पुसट होते. शार्पनेस वाढवणारं काही चालू असेल तर तेही बंद करा.

आणि यूएसबीची वायर जोडली आहे ना? पुष्कळ जण फक्त एचडीएमआय जोडून बसतात. भिंगांची चादर प्रत्येक नगात केसभर वेगळ्या कोनात बसते, म्हणून प्रत्येक नगाचं कॅलिब्रेशन, म्हणजे जुळणीची मापं, वेगळं, आणि ते त्या नगाच्याच मेमरीत असतं. सॉफ्टवेअर ते यूएसबीवरून वाचून घेतं. ते वाचलंच नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही चित्र फाटतं.

भिंगरी:
मध्येच विचारते, प्रदर्शनांत तो फिरणारा पंखा असतो, हवेत चित्र तरंगतं, तो घरी नाही का चालत? तो जास्त भारी दिसतो की.

निशाचर:
@भिंगरी, पंख्याच्या पात्यांवर एलईडींची ओळ असते. पाती इतक्या वेगाने फिरतात की डोळ्याला सलग चित्र दिसतं. मागचं आरपार दिसत राहतं म्हणून ते तरंगतंय असं वाटतं. पण चित्र सपाटच, कडेने बघितलं तरी तेच. शिवाय टेबलावर, हाताच्या अंतरावर उघडी फिरणारी पाती म्हणजे धोका, आणि सतत घरघर. दुकानाच्या दारात, लांबून बघायला ठीक. शंखाचा पीळ त्यात दिसणार नाही.

काटकोन:
ज्यांना काहीच विकत न घेता मजा बघायची आहे त्यांच्यासाठी फोनवरचा पिरॅमिड सांगतो. पारदर्शक प्लॅस्टिकचे चार समलंब चौकोन कापायचे: वरची बाजू १ सेंटिमीटर, खालची ६, मधली उंची ३.५. चारही चिकटवले की टोक कापलेला पिरॅमिड होतो. तो छोट्या तोंडावर, म्हणजे उलटा, फोनवर उभा करायचा. फोनवर एकच आकृती चार दिशांना तोंड करून दाखवणारा व्हिडिओ लावायचा.

३.५ च का? ६ मधून १ वजा करून निम्मे केले की २.५. भिंत ४५ अंशांत कलायची तर तिरकी उंची २.५ गुणिले १.४१४, म्हणजे साडेतीनला जरा वर. मोठा करायचा असेल तर हेच प्रमाण धरा, टॅबलेटवर दुप्पट मापाचा सहज बसतो. प्लॅस्टिक पातळ घ्या. जाड असेल तर पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून दोन प्रतिबिंबं येतात आणि कडा दुहेरी दिसतात.

सूक्ष्मदर्शक:
काटकोन, माप एकदम चोख. ही करामत जुनी आहे. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत दाखवलं ते याच तत्त्वावर. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. तिरकी काच, आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी उजेडात उभा असलेला नट. नट काचेच्या जितका पुढे तितकंच त्याचं प्रतिबिंब मागे दिसतं, म्हणून ते खोलीत उभं वाटतं. मात्र फोनवरचं चित्र सपाट असल्यामुळे प्रतिबिंबही सपाट. जागा खरी, शरीर कागदी.

ताईंच्या डिस्प्लेचं मूळ वेगळं आहे. गाब्रिएल लिपमान या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ साली मांडलं की एकाच मोठ्या भिंगाऐवजी असंख्य चिमुकल्या भिंगांमागे फोटो घेतला, तर प्रत्येक भिंग जरा वेगळ्या जागेवरून बघेल आणि परत त्याच भिंगांतून पाहिल्यावर दृश्य खोलीसकट उभं राहील. टेबलावरचे आजचे डिस्प्ले त्याच वाटेने आलेले आहेत, फक्त फोटोच्या काचेच्या जागी एलसीडी आला.

डेनिस गाबर यांनी १९४७ मध्ये शोधलेला आणि १९७१ मध्ये ज्यासाठी त्यांना नोबेल मिळालं तो होलोग्राम याहून पुढचा. त्यात प्रकाशाच्या लहरींचा एकमेकींवर पडलेला ठसाच नोंदवलेला असतो, म्हणून डोळ्याला खरोखर जवळ-लांब फोकस करता येतो. भिंगांच्या डिस्प्लेत डोळ्याचा फोकस पॅनेलवरच राहतो आणि खोली फक्त दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकातून आणि डोकं हलवल्यावर कळते. व्यवहारात याचा अर्थ असा की वस्तू पॅनेलच्या फार पुढे किंवा फार मागे नेली तर डोळे दमतात.

गप्पिष्ट:
म्हणजे भुतापासून सुरुवात करून नोबेलपर्यंत पोचलो. धागा चांगला चाललाय.

ओहोटी:
खटपट्या, खूप आभार! स्केलिंग १०० केलं, दुसरी वायर जोडली आणि चित्र एकदम जागेवर आलं. नमुन्यातला एक दगड लॅपटॉपवरून लावून पाहिला, खोबणीत बोट घालावंसं वाटतं.

आता एक शंका. समोरून नीट दिसतं, पण बाजूला सरकत गेलं की एका ठिकाणी चित्र झटकन उडी मारून परत पहिल्या बाजूने सुरू होतं. हे पण सेटिंगचंच आहे का?

खटपट्या:
नाही, ते भिंगांचं अंगभूत आहे. ठरावीक कोनापर्यंत वेगवेगळ्या बाजू दिसतात. त्याच्या पलीकडे गेलात की शेजारच्या भिंगाखालचे पिक्सेल दिसायला लागतात आणि तीच मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून टेबल असं लावा की बसणारे त्या कोनाच्या आत बसतील. दोघंतिघं बघणार असतील तर खुर्च्या डिस्प्लेपासून जरा लांब ठेवा, लांब गेलं की तोच कोन रुंद जागा व्यापतो.

उंचीचं: ठोकळ्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत हवा. यात डावी-उजवी बाजू बदलते, वर-खाली नाही. उभं राहून वरून पाहिलं तर शंखाचं टोक दिसणार नाही, उलट शंख ताणल्यासारखा वाटेल. डिस्प्लेखाली दोन जाड पुस्तकं ठेवली तरी फरक पडतो. आणि बघणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी किंवा दिवा नको, ठोकळ्यात त्याचंच प्रतिबिंब पडतं.

पडछाया:
माझा एक डोळा लहानपणापासून कमजोर आहे. सिनेमागृहातला थ्रीडी चष्मा मला कधीच उपयोगी पडला नाही, सगळे 'अरे वा' म्हणायचे आणि मला सपाट पडदा दिसायचा. असा डिस्प्ले एका मित्राकडे पाहिला. स्थिर बसलो तेव्हा विशेष काही नाही. पण डोकं जरा डावी-उजवीकडे नेलं आणि पुढची वस्तू मागच्या वस्तूवरून सरकली. मला खोली दिसली. एका डोळ्याने! बराच वेळ तिथून हललो नाही. ज्यांना दोन डोळ्यांचा मेळ लागत नाही त्यांनी हे जरूर पाहावं.

सूक्ष्मदर्शक:
पडछाया, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. चष्म्याच्या सिनेमात दोनच चित्रं असतात, डोकं हलवून तिसरं मिळत नाही. इथे चाळीस-पन्नास असतात. लुकिंग ग्लास पोर्ट्रेट नावाचा ७.९ इंची डिस्प्ले २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला, त्याच्यासाठी साधारणपणे ४८ बाजू वापरतात.

निशाचर:
पण ४८ बाजू म्हणजे पिक्सेलही ४८ ठिकाणी वाटले जातात ना? त्यापेक्षा सोनीचा, डोळ्यांचा माग घेणारा डिस्प्ले बरा नाही का? कॅमेरा तुमचे डोळे शोधतो आणि तेवढ्या दोनच दिशांना चित्र पाठवतो. वर-खाली डोकं नेलं तरी चालतं. तपशील कितीतरी जास्त.

खटपट्या:
तपशिलाचं तुमचं बरोबर आहे. पोर्ट्रेटचा पॅनेल १५३६ बाय २०४८, म्हणजे सुमारे ३१ लाख ४६ हजार पिक्सेल. भागिले ४८, बरोबर ६५,५३६ येतात. एका बाजूच्या वाट्याला एवढेच. सबपिक्सेल वेगवेगळे वापरल्यामुळे आणि शेजारच्या बाजू एकमेकींत विरघळत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरं दिसतं, पण फोनच्या स्क्रीनसारखी धार विसरायची. सोनीचा पहिला १५.६ इंची, २०२० चा, फोर-के आहे, आणि २०२३ मध्ये २७ इंची आला.

मात्र तो एका वेळी एकाच माणसासाठी. मॉडेल घडवणाऱ्याला, शस्त्रक्रियेचा अभ्यास करणाऱ्याला उत्तम. ताईंना पाहुण्यांना दाखवायचं आहे. एकाने बघायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, यात काय मजा? त्यांची निवड योग्य आहे असंच मी म्हणेन.

बाराखडी:
शंख आत न्यायचा सोपा मार्ग सांगते. एकच फोटो घ्या, त्याचा डेप्थ मॅप काढा, झालं. म्हणजे त्याच फोटोची एक करडी प्रत, ज्यात जवळचं पांढरं आणि लांबचं काळं असतं. हल्ली नुसत्या साध्या फोटोवरून तो मॅप तयार करणारी सॉफ्टवेअरं आहेत, आणि काही फोन पोर्ट्रेट फोटोसोबत तो आपणच साठवतात. मी घरातले जुने फोटो असेच केले. पणजीचा एकुलता एक फोटो आहे, तो टेबलावर ठेवलाय. घरातली सगळी थांबून बघतात.

अर्धवर्तुळ:
बाराखडी, पणजीच्या फोटोसाठी दुसरा मार्गच नाही, तिथे डेप्थ मॅपच हवा. शंखासाठी मात्र मी ठाम विरोध करीन. एका फोटोत जे दिसलंच नाही ते डेप्थ मॅप कुठून आणणार? कडेमागचा भाग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि तिथे रबर ओढल्यासारखं दिसतं. त्याहून वाईट म्हणजे चमक. फोटोत जिथे चमक पडली तिथे ती रंगासारखी चिकटून बसते. तुम्ही डोकं हलवा, ती हलत नाही. मोतिया झळाळी म्हणजे डोकं हलल्यावर बदलणारा रंग, दुसरं काय?

बाराखडी:
हे मान्य. चेहऱ्यावर चमक नसते म्हणून मला ते जाणवलं नसणार. मग तुम्ही काय कराल?

सूक्ष्मदर्शक:
अर्धवर्तुळ सांगतीलच, त्याआधी झळाळीबद्दल थोडं. मोत्याचा थर म्हणजे ॲरागोनाइट या चुन्याच्या खनिजाच्या अतिशय पातळ पत्र्यांची रास, एकेक पत्रा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासची ही जाडी. वेगवेगळ्या थरांवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे मारतात, आणि कोन बदलला की वाढणारा रंग बदलतो. म्हणजे तो रंग त्या जागेपुरता ठरलेला नाही, बघायच्या दिशेवरही अवलंबून आहे. म्हणून प्रत्येक दिशेचं चित्र वेगळं टिपल्याशिवाय तो सापडणार नाही.

अर्धवर्तुळ:
बरोब्बर. म्हणून सरळ पट्टी वापरायची. कॅमेऱ्याची सरकपट्टी मिळते, नसेल तर टेबलावर एक सरळ फळी चिकटवून तिच्या कडेने कॅमेरा सरकवला तरी चालतं.

हिशोब असा. शंख ५० सेंटिमीटरवर ठेवला आणि ४० अंशांचा कोन टिपायचा ठरवला, तर कॅमेऱ्याचा एकूण प्रवास सुमारे ३६ सेंटिमीटर. फोटो ४८, म्हणजे मधली अंतरं ४७, प्रत्येक पाऊण सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त, ७.७ मिलिमीटर. पट्टीवर कागदाची फीत लावून खुणा करून घ्या.

कॅमेरा शंखाकडे वळवायचा नाही. तो सगळा वेळ सरळ समोरच बघत राहायला हवा, नाहीतर कडेच्या फोटोंत आकार तिरपे होतात आणि डोळ्यांना ते जुळवताना त्रास होतो. अर्थात मग शंख फोटोत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणार. त्यासाठी रुंद भिंग लावून फ्रेम ४६ सेंटिमीटरची ठेवा: ३६ प्रवासाचे आणि १० शंखाचे. तपशील कमी होईल अशी भीती वाटते, पण ६००० पिक्सेल रुंद फोटोत ४६ सेंटिमीटर म्हणजे सेंटिमीटरला १३०, आणि १० सेंटिमीटरच्या शंखाला १३००. डिस्प्लेच्या सॉफ्टवेअरला एका बाजूसाठी द्यायचा फोटो असतो ४२० बाय ५६० चा. भरपूर उरतं.

फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने बांधून टाका. ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, एफ ११ च्या आसपास लहान, म्हणजे शंखाचं टोक आणि तोंड दोन्ही स्पष्ट येईल. दिवे जागचे हलता कामा नयेत. तुमची सावलीसुद्धा शंखावर पडू देऊ नका, टायमर लावून मागे व्हा.

मग सगळे फोटो असे सरकवून कापायचे की शंखाच्या पोटावरचा एक ठरावीक ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी येईल. तो ठिपका पॅनेलच्या पातळीत बसतो, त्याच्या पुढचं बाहेर येतं, मागचं आत जातं. सगळ्यात स्पष्टही तिथेच दिसतं, म्हणून ठिपका नक्षी सगळ्यात दाट असेल तिथे निवडा.

भिंगरी:
एवढी पट्टी कशाला? फिरणाऱ्या चकतीवर शंख ठेवायचा, कॅमेरा जागेवर, आणि चकती थोडी थोडी फिरवायची. घरात प्रत्येकाकडे असं काहीतरी असतं.

अर्धवर्तुळ:
आकारासाठी चालेल, पण चकतीबरोबर शंख फिरतो आणि दिवे फिरत नाहीत. म्हणजे शंखाच्या दृष्टीने दिवा दर फोटोला नव्या जागी. डिस्प्लेवर पाहताना असं वाटतं की बघणाऱ्याच्या डोक्याबरोबर दिवाही चाललाय. साध्या खरबरीत शंखावर सावल्या जराशा सरकतील इतकंच. मोत्याच्या थरावर मात्र झळाळी चुकीच्या चालीने फिरते, आणि ज्याने खरा शिंपला हातात घेतलाय त्याला ते लगेच खटकतं.

खटपट्या:
अर्धवर्तुळांच्या पद्धतीला माझा पाठिंबा, पण गॉसियन स्प्लॅटिंगचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. २०२३ मधलं तंत्र. वस्तूभोवती सगळीकडून फोटो काढायचे, सॉफ्टवेअर ती लाखो धूसर, रंगीत ठिपक्यांनी पुन्हा रचतं. ठिपक्याचा रंग दिशेनुसार बदलू शकतो, म्हणून चमक बऱ्यापैकी टिकते. आणि मग शंख हवा तसा फिरवता येतो, पट्टीवर जे कोन घेतले तेवढ्यापुरतं बांधलेलं राहत नाही.

नेहमीचं फोटोंवरून थ्रीडी मॉडेल मात्र कवडीसारख्या गुळगुळीत वस्तूवर गडबडतं. सॉफ्टवेअर दोन फोटोंत तोच ठिपका शोधत असतं, आणि चमक प्रत्येक फोटोत दुसरीकडे असते. ध्रुवक फिल्टर लावून चमक मारली तर मॉडेल छान येतं, पण ताईंना जी हवी तीच गेली.

अर्धवर्तुळ:
स्प्लॅटिंगमध्ये झळाळी येते पण मऊ पडते, बारीक रंगीत रेषा पुसल्या जातात. पूर्ण फिरवायचा शंख असेल तर ते घ्या, झळाळीचा शिंपला असेल तर पट्टी. दोन्ही ठेवायला कोणाची हरकत?

वाचनमात्र:
वाचनखूण साठवली. माझ्या साध्या लॅपटॉपवर हे चालेल का हो? वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

खटपट्या:
तयार चित्रं आणि व्हिडिओ असतील तर चालेल, त्यात सगळ्या बाजू आधीच मांडलेल्या असतात. जड जातं ते जिवंत थ्रीडी दृश्य, कारण प्रत्येक क्षणी तेच दृश्य ४८ कोनांतून रंगवायचं असतं.

मांडणीबद्दल आलंच आहे तर: ४८ फोटो एका मोठ्या चित्रात ८ रकाने आणि ६ ओळींत बसवतात, त्याला क्विल्ट म्हणतात. ४२० बाय ५६० चे ४८ चौकोन मिळून ३३६० बाय ३३६०. सगळ्यात डावीकडून घेतलेला फोटो खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात, आणि सगळ्यात उजवीकडचा वरच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात. क्रम उलटा लागला तर खोली उलटते. फुगीर शंख आतून पोकळ साच्यासारखा दिसतो, आणि मजा म्हणजे तो डोकं हलवलं की पाठलाग केल्यासारखा वळतो. तसं दिसलं तर फोटोंना हात लावू नका, फक्त क्रम फिरवा.

ओहोटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धवर्तुळ, तुमच्या मापांप्रमाणे फळी लावली, कागदी फितीवर खुणा केल्या आणि मोत्याचा मोठा शिंपला टिपला. क्विल्ट करून डिस्प्लेवर लावला.

झळाळी आली! डोकं हलवलं की हिरवा पट्टा ओठाकडून आत सरकतो आणि त्याच्या मागून गुलाबी येतो, अगदी हातात धरून वाकडा केल्यासारखा. बहीण आणि मी शेजारी बसून बघत होतो. ती म्हणाली, 'इथे किती गुलाबी आहे', आणि बोट ठेवलं. मला त्याच जागी हिरवा दिसत होता. मग जागा बदलून बसलो आणि दोघींचे रंग अदलाबदल झाले. खऱ्या शिंपल्यातसुद्धा असंच होत असणार, पण तो एका वेळी एकीच्याच हातात असतो, म्हणून कधी लक्षातच आलं नाही.

दोन गोष्टी अजून खटकतात. पांढऱ्या कडेभोवती काळ्या पार्श्वभूमीवर फिकट सावलीसारखी दुसरी कड दिसते. आणि खाली शिंपल्याचं नाव लिहिलं तर ते वाचता येत नाही.

पडछाया:
जागा बदलून रंग बदलणं! हे वाचून परत मित्राकडे जायला हवं.

अर्धवर्तुळ:
झकास. ऐकून समाधान वाटलं.

फिकट कड म्हणजे शेजारच्या बाजूचा थोडासा प्रकाश गळून येतो आहे. तो सगळ्याच भिंगांच्या डिस्प्लेत कमीजास्त असतो आणि एकदम पांढऱ्याच्या शेजारी एकदम काळं आलं की उघडा पडतो. पार्श्वभूमी काळ्याऐवजी गडद करड्या कागदाची घ्या आणि शिंपल्याच्या कडेवरचा दिवा थोडा मंद करा. आणखी एक, पुढे येणारा भाग फ्रेमच्या कडेने कापला जाऊ देऊ नका. बाहेर आलेली वस्तू चौकटीने कापली की डोळ्यांना ते पटत नाही आणि खोली कोसळते. चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडा.

खटपट्या:
नावाचं सांगतो. अक्षरं सगळ्या ४८ फोटोंवर नेमकी त्याच जागी लिहा, म्हणजे ती पॅनेलच्या पातळीत बसतील आणि धूसर होणार नाहीत. जाड वळणाचा फाँट, आकार मोठा, रंग फिका करडा, एका ओळीत फार तर दोन शब्द. लांबलचक शास्त्रीय नावं असतील तर ती डिस्प्लेखालच्या कागदी चिठ्ठीवर लिहिलेली बरी.

फाइलच्या नावाच्या शेवटी रकाने, ओळी आणि रुंदी-उंचीचं प्रमाण लिहायची पद्धत आहे. तुमचं ८ बाय ६ आणि ०.७५. ते लिहिलं की सॉफ्टवेअरला वेगळं काही सांगावं लागत नाही, आणि पाच-सहा शिंपले एकामागून एक आपोआप दाखवता येतात.

काटकोन:
ताई, पुढे कवडी करणार असाल तर दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर लावा. गुळगुळीत पाठीवर उघड्या दिव्याचा एकच टोकदार ठिपका पडतो आणि तो प्रत्येक बाजूत वेगळ्या जागी तुटकपणे उड्या मारतो. कागदामागचा दिवा मोठ्या मऊ पट्ट्यासारखा पडेल आणि डोकं हलवल्यावर पाठीवरून सलग वाहील.

ओहोटी:
ट्रेसिंग पेपर आहे घरात. करडा कागदही लावते, नावं खाली चिठ्ठीवर. कवडी झाली की इथेच सांगते.

गप्पिष्ट:
आणि ते साधे फोटो?